सालामांकातले अकरा शनिवार-रविवार

एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "सप्टेंबरअखेरीस बारा आठवड्यांच्या स्पॅनिश कोर्ससाठी स्पेनमधल्या सालामांकाला चालले आहे. ए-टू (भाषेची दुसरी पातळी) झालंय, डिसेंबरात बी-वनची (तिसरीची) परीक्षा द्यायची आहे. राहायला एका स्थानिक कुटुंबात आहे. शनिवार-रविवार मोकळे, म्हणून यादी केली आहे: बार्सेलोना, पॅरिस, रोम, इबिझा, लिस्बन, सेव्हिल, ग्रानादा, माद्रिद. विमानं स्वस्त मिळतायत. मॅडम, क्रम कसा लावू? आणि सोमवारी सकाळी नऊचा वर्ग झेपेल ना?"

क्रम लावण्याआधी मी यादीतली निम्मी नावं खोडायला सांगणार आहे, राग मानू नकोस. गेली अठरा वर्षं मी स्पॅनिश शिकवते आणि त्यातले बरेच हिवाळे विद्यार्थ्यांबरोबर सालामांकात काढले आहेत. बारा आठवड्यांनी कोण बोलायला लागलं आणि कोण अजून अडखळतंय, याचं कारण शोधायला मी वर्गाच्या हजेरीपटाकडे जात नाही. शनिवार-रविवार कुठे गेले आणि कोणाबरोबर गेले, एवढं विचारते.

आधी प्रवासाचं गणित बघ. सालामांकाचा विमानतळ आपल्या उपयोगाचा नाही. तुझी सगळी स्वस्त विमानं माद्रिदच्या बाराखास विमानतळावरून सुटणार, म्हणजे शुक्रवारी वर्ग संपल्यावर आधी तीनेक तासांची बस, मग तपासणी, मग विमान, मग पॅरिसच्या विमानतळावरून गावात. खोलीचं दार उघडेपर्यंत मध्यरात्र. परतीचंही तसंच. हातात उरतो एक शनिवार आणि अर्धा रविवार, आणि त्या दीड दिवसात स्पॅनिशचा एक शब्द कानावर पडत नाही. इबिझाचा हंगाम ऑक्टोबरात संपतो, नोव्हेंबरात तिथे बंद दारं बघायला कशाला जायचं? लिस्बनबद्दल मला मनापासून प्रेम आहे, पण ए-टूच्या टप्प्यावर पोर्तुगीज ऐकू नकोस. दोन्ही भाषा इतक्या सख्ख्या की नुकतं बसलेलं स्पॅनिश हलतं. परीक्षा झाल्यावर जा. (पोर्तुगाल शेंगेनमध्येच, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतच आहे, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. शेंगेनबाहेर जाण्याचा विचार मात्र व्हिसावर किती वेळा प्रवेश लिहिला आहे ते वाचल्याशिवाय करू नकोस. एकच प्रवेश असेल तर बाहेर पडलीस की परत येता येत नाही.)

खरी अडचण अंतराची नाहीच, सोबतीची आहे. वर्गातली पाच देशांची सहा मुलं एकत्र निघाली की स्टेशनवर पोचायच्या आत इंग्रजी सुरू होतं. त्यात कोणाचा दोष नसतो. दमलेल्या डोक्याला सोपी भाषा हवी असते. पण आठवडाभर वर्गात रोज चार-पाच तास स्पॅनिश आणि मग सलग अठ्ठेचाळीस तास इंग्रजी, असं झालं की सोमवारी मुलं गुरुवारच्या मागे गेलेली असतात. म्हणून माझं एकच सांगणं आहे: जवळचं गाव घे, लहान घे, आणि एकटी जा किंवा जिच्याशी तुझी स्पॅनिशखेरीज दुसरी भाषाच जुळत नाही अशा एखाद्या जपानी नाहीतर ब्राझिलच्या मैत्रिणीबरोबर जा. लहान गावात तुझ्या तुटक्या स्पॅनिशला कोणी इंग्रजीत उत्तर देत नाही. बार्सेलोनात देतात.

सालामांकाच्या भोवती दीडशे किलोमीटरचं वर्तुळ काढ. त्यात तुझे पाच-सहा शनिवार आरामात बसतात.

पहिल्यांदा आविला. माद्रिदला जाणाऱ्या गाड्यांचे दोन मार्ग आहेत हे लक्षात ठेव. वेगवान गाडी सेगोव्हियावरून जाते आणि दीड-पावणेदोन तासांत माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनला पोचते. सावकाश जाणारी गाडी आविलावरून जाते. तुला ही दुसरी हवी, तासाभराचा प्रवास आहे. आविलाची मध्ययुगीन तटबंदी अडीच किलोमीटरची, जवळपास नव्वद बुरुजांची, आणि तिच्या काही भागावरून चालता येतं. कॅथेड्रलची मागची बाजू थेट तटातच चिणलेली आहे, देऊळ आणि किल्ला एकाच भिंतीत. आत गेलीस की दगडावर तांबडे-पांढरे पट्टे दिसतील, जणू रक्त झिरपलंय. गाव समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे आणि तटावर वारा कान कापतो. टोपी विसरू नकोस. या भागातले, म्हणजे कास्तियातले लोक स्वतःच म्हणतात, "नुएबे मेसेस दे इन्बिएर्नो इ त्रेस दे इन्फिएर्नो", नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. ही म्हण पाठ कर आणि थंडीवरून बोलणं निघालं की वापर. समोरचा माणूस हसून पुढे बोलायला लागतो, हे मी कितीदा बघितलंय.

सिउदाद रोद्रिगोबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मला काय म्हणायचं आहे ते तिथे घडलेल्या एका प्रसंगातून नीट कळेल. पोर्तुगालच्या सरहद्दीजवळचं हे तटबंदीचं गाव सालामांकाहून नव्वद किलोमीटरवर आहे. माझी एक विद्यार्थिनी, तुझ्याच वयाची, स्वभावानं अबोल, तिथे एकटीच गेली. कॅथेड्रलसमोर बाकावर बसलेल्या एका आजोबांना तिनं तटावर चढायची वाट विचारली. वाक्य तिनं बसमध्ये बसून चार वेळा घोकलं होतं. आजोबा उठले, काठी घेतली आणि म्हणाले, चल. दोन किलोमीटरचा तट त्यांनी तिला पूर्ण फिरवला. मध्येच थांबून कॅथेड्रलच्या मनोऱ्याकडे बोट केलं: "बेस लोस आगुखेरोस?" ती भोकं दिसतात का? तोफगोळ्यांच्या खुणा. १८१० साली फ्रेंचांनी वेढा घालून गाव घेतलं आणि १८१२ साली ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या सैन्यानं ते परत जिंकलं. आगुखेरो हा शब्द तिच्या पुस्तकात नव्हता. तो तिला त्या दिवशी मिळाला आणि अजून आठवतो, हे तिनं मला गेल्या वर्षी सांगितलं. आजोबांच्या बोलण्यातलं निम्मंच कळलं होतं. पण दीड तास एका माणसाच्या तोंडून "तेव्हा असं होतं, मग असं झालं" ऐकत चालायचं, याहून चांगला तास मला वर्गात कधी घेता आलेला नाही.

आता तुझ्या परीक्षेचा मुद्दा. बी-वनला मुलं अडतात ती भूतकाळावर. स्पॅनिशमध्ये घडून गेलेली घटना एका काळात सांगतात आणि तिच्या मागची परिस्थिती दुसऱ्या काळात. "फुई", मी गेले. "सुबी", मी चढले. "कोमी", मी जेवले. पण "आथिआ फ्रिओ", थंडी होती. "आबिआ मुचा खेंते", खूप गर्दी होती. "एस्ताबा थेर्रादो", बंद होतं. वर्गात याचे तक्ते पाठ होतात, पण तोंडात बसत नाहीत, कारण सांगायला स्वतःचं काही नसतं. सहलीवरून आलेल्या माणसाकडे ते असतं. मी स्टेशनवर पोचले, पाऊस पडत होता, चर्च बंद होतं, एका बाईनं मला सांगितलं: यात दोन्ही काळ आपोआप येतात, तुला फक्त प्रत्येक वेळी योग्य तो निवडायचा असतो.

आणि कास्तियात आणखी एक बारकावा कानावर पडेल. रविवारी रात्री जेवताना घरची सेन्योरा विचारेल, शनिवार-रविवार कसा गेला? तेव्हा "एस्ते फिन दे सेमाना ए एस्तादो एन आविला", या शनिवार-रविवारी आविलाला होते, असं म्हणायचं, कारण तो शनिवार-रविवार अजून संपलेला नाही. पण लगेच पुढे "आयेर सुबी आ ला मुराया", काल तटावर चढले. सोमवारी वर्गात तेच सांगताना "एल साबादो फुई आ आविला", शनिवारी आविलाला गेले. एकच सहल, दोन वेळा सांगायची, दोन वेगळ्या काळांत. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांमध्ये या दोन्ही ठिकाणी साधा "फुई"च ऐकू येईल. म्हणून फोटो दाखवून प्रश्न संपवू नकोस. फोन खोलीत ठेव आणि टेबलाशी बसून तोंडानं सांग. सेन्योरा मध्येच थांबवून "नो, मुखेर, से दीथे..." (तसं नाही गं, असं म्हणतात...) असं करून दुरुस्त करेल. ती दुरुस्ती त्याच रात्री वहीत उतरव. माझ्याकडे मुलांच्या अशा वह्या आहेत, आणि त्या कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा मला जास्त मोलाच्या वाटतात.

थामोराला बसनं जा, तासाभराचं अंतर आहे. सालामांकाहून तिकडे जाणारा रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी १९८५ साली बंद झाला तो झालाच. दुएरो नदीकाठचं हे गाव रोमानेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या चर्चसाठी ओळखलं जातं. वीसहून जास्त आहेत, आणि कॅथेड्रलच्या घुमटावर माशाच्या खवल्यांसारखे दगड रचले आहेत. इथे वेळेचं भान ठेव. चर्चं आणि संग्रहालयं दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात आणि चार-पाचनंतर उघडतात. रविवारी दुपारी उघडतीलच असं नाही, आणि सोमवारी बरीच बंद. म्हणून सकाळी दहाला गावात हो, दोनपर्यंत आतलं सगळं बघ, मग स्पॅनिश लोकांसारखं सावकाश जेव. गाव झोपलेलं असताना नदीकाठ, पूल, तट असं फिर, त्याला दार लागत नाही. मुलं याच्या बरोबर उलट करतात: अकराला उठून दोनला पोचतात आणि बंद कुलपांचे फोटो काढून परत येतात.

ला आल्बेर्का हे डोंगरातलं खेडं देखणं आहे. लाकडी चौकटींची घरं, १९४० साली ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर झालेलं. जूनपासून १७ जानेवारीपर्यंत तिथे एक डुक्कर गावभर मोकळं फिरतं, सगळं गाव त्याला खाऊ घालतं आणि त्या शेवटच्या दिवशी, सान आंतोनच्या सणाला, त्याची सोडत होते. पण शनिवार-रविवारी बसगाड्या मोजक्याच असतात. परतीची वेळ आधी विचारल्याशिवाय निघू नकोस. सेगोव्हियाला जाताना एकच लक्षात ठेव, वेगवान गाडीचं ग्योमार स्टेशन गावाबाहेर माळावर आहे. बाहेरच शहराची बस उभी असते, ती थेट रोमन जलसेतूपाशी सोडते. चुन्याशिवाय नुसते ग्रॅनाइटचे दगड एकमेकांवर रचून उभा केलेला तो सेतू खाली उभं राहून बघ, मग बाजूच्या पायऱ्यांनी वर चढून बघ.

माद्रिदसाठी एक पूर्ण शनिवार-रविवार ठेव, आणि त्यातली एक सकाळ प्रादो संग्रहालयासाठी. १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना तिथे प्रवेश विनामूल्य आहे, विद्यार्थी असल्याचं चालू वर्षाचं ओळखपत्र जवळ असू दे. ते नसलं तर सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात सगळ्यांनाच फुकट सोडतात, फक्त रांग लांब असते. आत शंभर चित्रं बघू नकोस. वेलास्केथ या चित्रकाराचं १६५६ सालचं "लास मेनिनास" गाठ आणि त्याच्यासमोर वीस मिनिटं उभी राहा. मधोमध छोटी राजकन्या, तिच्या दोन्ही बाजूंना सखी, उजव्या कोपऱ्यात पेंगुळलेला कुत्रा आणि त्याच्या पाठीवर पाय ठेवणारा मुलगा, डावीकडे भल्यामोठ्या कॅनव्हासमागे स्वतः चित्रकार, मागच्या दारात पायऱ्यांवर थबकलेला माणूस, आणि भिंतीवरच्या आरशात राजा-राणी. आता हेच मनातल्या मनात स्पॅनिशमध्ये सांग. "आहे" साठी "आय" कुठे, "एस्ता" कुठे, "देत्रास दे" (च्या मागे), "आल लादो दे" (च्या शेजारी), "आल फोंदो" (पार मागे). चित्राचं वर्णन तोंडी परीक्षेत येतंच, आणि त्याच्या सरावाला याहून भरलेलं चित्र मिळणार नाही. प्रादोत फोटो काढू देत नाहीत. मला ते फार बरं वाटतं, कारण मग सेन्योराला चित्र शब्दांतच दाखवावं लागतं.

लांबची सहल एकच कर, ग्रानादा किंवा सेव्हिल, आणि ती पुएंतेला. सुटी आणि शनिवार-रविवार यांच्यामध्ये एखादा दिवस आला की तोही सुटीत ओढतात, त्याला इथे पुएंते म्हणजे पूल म्हणतात. तुझ्या मुक्कामात १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि ६ व ८ डिसेंबर या सुट्या येतात. सगळा देश त्याच दिवशी निघतो, तेव्हा तिकिटं महिनाभर आधी काढ. ग्रानादातल्या आल्हांब्रा या राजवाडे-किल्ल्याचं तिकीट तर प्रवासाच्या तिकिटाच्याही आधी. त्यातल्या नासरी राजवाड्यांत शिरायची ठरावीक वेळ तिकिटावर असते आणि ती चुकली की सोडत नाहीत. पासपोर्ट मूळ बाळग, हॉटेलात नोंद करताना लागतोच.

तीन शनिवार-रविवार सालामांकातच राहा. हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, म्हणून कारणं सांगते. ३१ ऑक्टोबरला एक माणूस पारंपरिक वेशात, वाद्यं घेऊन कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढतो. १ नोव्हेंबर १७५५ च्या लिस्बन भूकंपात मनोरा हादरला पण पडला नाही, त्याची ही आठवण. गर्दीत शेजारच्या बाईंना विचार, हे कशासाठी? त्या भूकंपापासून सुरुवात करतील. दुसरं, शनिवारी सकाळी प्लाथा मायोरच्या शेजारच्या मेर्कादो थेंत्रालमध्ये जा. तिथे रांग दिसत नाही, बायका इकडेतिकडे उभ्या असतात. गेल्या गेल्या मोठ्यानं विचारायचं, "ला उल्तिमा?", शेवटचं कोण? कोणीतरी "यो" म्हणेल. तिच्यानंतर तुझा नंबर, आणि तुझ्यामागून येणारीला "यो" म्हणायचं काम तुझं. पहिल्यांदा माझा आवाज फुटला नव्हता आणि पाच बायका माझ्या पुढे निघून गेल्या होत्या. दुसऱ्यांदा फुटला. दुकानदाराला "मे पोनेस मेदिओ किलो दे..." म्हण, "अर्धा किलो घाल" असं. पुस्तकातलं "मला हवे आहे" तिथे कोणी वापरत नाही.

आणि तिसरं कारण रविवारचं जेवण. अडीचच्या सुमाराला सुरू होतं, मुलं-नातवंडं येतात, आणि जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवून तासभर गप्पा चालतात. त्याला सोब्रेमेसा म्हणतात. चार जण एकाच वेळी बोलतात, कोणी तुझ्यासाठी वेग कमी करत नाही. पहिल्या रविवारी डोकं दुखेल, सहाव्या रविवारी तू मध्येच एक वाक्य टाकशील. ज्या दिवशी बाहेर असशील तेव्हा सेन्योराला गुरुवारीच सांग, म्हणजे ती तुझं ताट धरणार नाही आणि बहुधा सोबत बोकादिओ (पावाचं सँडविच) बांधून देईल.

शाकाहारी असशील तर "सिन कार्ने" एवढं म्हणून भागत नाही. हॅम आणि ट्यूना हे मांसात मोजत नाहीत. "नो कोमो नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन", मांस, मासे, हॅम काहीच खात नाही, असं तिन्हींची नावं घेऊन सांग.

सोमवारच्या नऊच्या वर्गाचं म्हणशील तर रविवारी रात्री आठच्या आत घरी असलीस की झेपतं. रविवार संध्याकाळच्या गाड्या विद्यार्थ्यांनी भरून जातात, त्यामुळे परतीचं तिकीट जातानाच काढ. परीक्षेआधीचा शनिवार-रविवार कुठेही जाऊ नकोस.

पहिल्या शनिवारी आविला. शुक्रवारी संध्याकाळी ॲप उघडू नकोस, चालत स्टेशनवर जा आणि खिडकीपाशी उभी राहा. वाक्य एवढंच: "उना इदा इ बुएल्ता आ आविला, पारा मान्याना, पोर फाबोर." उद्याचं जाऊन-येऊन तिकीट. खिडकीतला माणूस मान वर करून विचारेल, "आ के ओरा?", किती वाजताचं? त्याचं उत्तर मात्र मी इथे लिहिणार नाही, ते तू द्यायचं आहेस.